इलास्टिकसर्चवर पंचवीस माणसांना मिळून एकच युजर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसात पंचवीस जण इलास्टिकसर्च (नोंदी पटकन शोधून देणारं सॉफ्टवेअर) वापरतात, त्यांच्यासाठी रोल (कोणाला काय करता येईल त्या परवानग्यांचे संच) कसे बनवायचे, आणि मॅनेजर म्हणतात तसा सगळ्यांना मिळून एकच युजर दिला तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. पहिल्याचं जमेल तेवढं पुढे देतो. पण तुमच्या मॅनेजरचं ते 'माणसं आपलीच आहेत' मी अगदी त्याच शब्दांत ऐकलेलं आहे, त्यामुळे आधी ते सांगतो.

एप्रिल 2019 ची गोष्ट. मी तेव्हा नागपूरला, परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका लहानशा कंपनीत होतो. रामदासपेठेतली एक पॅथॉलॉजी लॅब आमची क्लायंट. चोवीस तास काउंटर, शिवाय वर्धा, भंडारा, उमरेडला कलेक्शन सेंटर. पेशंटचं नाव किंवा बारकोड टाकला की जुने-नवे सगळे रिपोर्ट समोर यायचे. मागे इलास्टिकसर्च 6, त्याच्यापुढे दारवानासारखा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि एनजिनएक्सवर बेसिक ऑथ, म्हणजे साधं युजर-पासवर्ड विचारणं. युजर एकच, 'लॅब'. त्याचा पासवर्ड काउंटरच्या मॉनिटरखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला.

मी आमच्या सरांना म्हटलं होतं की निदान काउंटर, डॉक्टर आणि आपल्या स्क्रिप्ट असे तीन युजर वेगळे करू. सर म्हणाले, "काऊन भानगड वाढवून राहिला? माणसं आपलीच आहेत. पासवर्ड विसरले की रात्री फोन तुलाच येतील." मी विषय सोडून दिला. नवीन होतो.

एका सकाळी सात वाजता फोन आला. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागलेली आणि सर्चमध्ये एकही रिपोर्ट नाही. 'रिपोर्ट-' ने सुरू होणारे सगळे इंडेक्स (इलास्टिकसर्चमधले नोंदींचे गठ्ठे) गायब. लॅबचे मालक समोर बसून विचारत होते, कोणी केलं? सरांनी मला लॉग काढायला सांगितला. मी एनजिनएक्सच्या लॉगमध्ये डिलीट शोधलं, एक ओळ सापडली, आणि त्या ओळीतले दोनच रकाने 'ऑक' या कमांडने काढून दिले: वेळ आणि युजर. रात्री 2 वाजून 15 मिनिटं. युजर 'लॅब'.

रात्री सव्वादोनला काउंटरवर एकच माणूस होतं. ती ताई हुडकेश्वरहून स्कूटीने यायची, चार वर्षं रात्रपाळी करत होती. "मी काहीच दाबलं नाही सर, मी तर स्टिकर काढून राहिली होती," एवढंच ती म्हणत राहिली. तिला त्याच दिवशी 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं.

डेटा परत आला. मूळ रिपोर्ट मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये सुरक्षित होते, तिथून दीड दिवस रीइंडेक्स चालवून सगळं उभं केलं. सर्च सर्व्हर हा कधीच मूळ साठा नसावा, तेवढी एक गोष्ट आमच्याकडे बरोबर होती.

आठ-नऊ दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तो लॉग पुन्हा उघडला आणि ती ओळ पहिल्यांदा पूर्ण वाचली. आयपी काउंटरच्या मशीनचा नव्हता, आमच्या रिपोर्टिंग सर्व्हरचा होता. युजर एजंटच्या, म्हणजे विनंती कोणत्या प्रोग्रामने पाठवली त्या रकान्यात क्रोम नव्हतं, कर्ल हे स्क्रिप्टमध्ये वापरायचं साधन होतं. म्हणजे क्रॉनमधली, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी आमचीच स्क्रिप्ट. जुन्या महिन्यांचे इंडेक्स उडवायला सरांनी लिहिलेली. ती एका फाइलमधून महिना वाचायची आणि 'रिपोर्ट-' च्या पुढे तो महिना आणि तारा (*, म्हणजे 'पुढे काहीही चालेल') चिकटवायची. त्या रात्री फाइल रिकामी होती. उरलं 'रिपोर्ट-*'. तेव्हाच्या आवृत्त्यांमध्ये तारा टाकून इंडेक्स उडवायला आडकाठी नसायची. ते अडवणारी 'ॲक्शन डॉट डिस्ट्रक्टिव्ह रिक्वायर्स नेम' ही सेटिंग मुळात चालू असते ती आवृत्ती 8 पासून.

लॅबने ताईला परत बोलावलं. ती आली नाही. मीही फोन केला होता. "तुम्हीच तर माझं नाव काढून दिलं ना," म्हणाली. मी नाव काढून दिलं नव्हतं, युजर काढून दिला होता, पण त्या लॉगमध्ये या दोन्हींत काही फरकच उरला नव्हता.

सर नंतर बऱ्याचदा म्हणाले की वेगळा युजर असता तरी इंडेक्स उडालेच असते. खरं आहे. नुसत्या वेगळ्या युजरने इंडेक्स वाचले नसते, पण ताईची नोकरी वाचली असती. त्यांचं दुसरं म्हणणं, तेव्हा सिक्युरिटी विकतची होती आणि बजेट नव्हतं. अर्धंच खरं. इलास्टिकसर्चची रोलवाली सिक्युरिटी मे 2019 मध्ये, 6.8 आणि 7.1 या आवृत्त्यांपासून फुकट झाली, म्हणजे आमच्या प्रकारानंतर महिनाभराने. पण एनजिनएक्सच्या पासवर्ड फाइलमध्ये एका युजरऐवजी दहा लिहायला तेव्हाही एक रुपया लागत नव्हता. लॉगमध्ये युजरचा रकाना आपोआप येतो, भरायला फक्त वेगळी नावं हवी होती. आज तर आवृत्ती 8 पासून सिक्युरिटी पहिल्यापासून चालूच येते, त्यामुळे तुमच्या मॅनेजरकडे बजेटचं कारणसुद्धा नाही.

आता तुमचे रोल. माणसांची यादी घेऊन बसू नका आणि हुद्द्यांची तर अजिबात नको. कामांची यादी करा. शोधणं, नवीन नोंद टाकणं, चुकलेली नोंद दुरुस्त करणं, इंडेक्स सांभाळणं. पंचवीस माणसांत बहुतेक चार-पाचच कामं निघतील, तेवढेच रोल. युजर मात्र पंचवीसच, आणि प्रत्येक स्क्रिप्टला वेगळी एपीआय की (पासवर्डऐवजी प्रोग्रामला द्यायची किल्ली). मोठ्या साहेबांना मोठा रोल द्यायची आपल्याकडे फार हौस असते. साहेब फक्त डॅशबोर्ड बघत असतील तर त्यांना 'रीड' आणि किबानाच्या (इलास्टिकसर्चचे डॅशबोर्ड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) त्या स्पेसमध्ये, म्हणजे कप्प्यात, बघण्याची परवानगी, संपलं. राग आला तर येऊ द्या.

परवानग्यांची नावं फसवी आहेत, तिथे नीट थांबा. 'मॅनेज' ऐकायला कारकुनी काम वाटतं, पण त्यात अख्खा इंडेक्स उडवणं बसतं. 'राइट' मध्ये इंडेक्स उडवणं नाही, पण आतल्या नोंदी बदलणं आणि पुसणं दोन्ही आहे. सोबत 'रीड' असेल तर डिलीट बाय क्वेरी (अटीत बसणाऱ्या सगळ्या नोंदी एकदम पुसणं) चालवून इंडेक्स रिकामा करता येतो, नाव तेवढं शिल्लक राहतं. ज्यांनी फक्त नवीन नोंदी टाकायच्या, त्यांना 'क्रिएट_डॉक' द्या. त्याने जुन्या नोंदीवर नवी चढवता येत नाही. आमच्या काउंटरला खरं तर 'रीड' शिवाय कशाचीही गरज नव्हती.

इंडेक्सच्या नावाचा साचा हा रोलचा अर्धा जीव आहे. रोलमध्ये नुसती तारा टाकून मोकळं होऊ नका. सिक्युरिटी चालू असेल तर विनंतीतली तारा त्या युजरला परवानगी असलेल्या इंडेक्सपुरतीच उलगडते. सरांच्या स्क्रिप्टला 'डिलीट_इंडेक्स' फक्त 'रिपोर्ट-2017-*' वर असतं, तर फाइल रिकामी असूनही 2019 चे रिपोर्ट जागेवर राहिले असते. म्हणजे वेगळा युजर आणि त्याला बेताचा रोल, दोन्ही असते तर चालू रिपोर्टही वाचले असते, सर. हे मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. जुने इंडेक्स उडवायला आता स्क्रिप्ट लिहूच नका, आयएलएमची (जुने झालेले इंडेक्स आपोआप काढणाऱ्या सोयीची) पॉलिसी लावा. फक्त ती पॉलिसी ज्याने शेवटची बदलली त्याच्या परवानग्यांनी चालते, तेव्हा ती कोणाच्या युजरने जतन करता ते बघा.

रोलमध्ये 'नाही' म्हणायची सोय नाही. सगळे रोल एकमेकांत मिसळतात आणि बेरीज होते. 'जरा वेळ सुपरयुजर दे, काम झालं की काढ' असं कोणी म्हणालं की बाकीचे सगळे रोल त्या क्षणी निरर्थक होतात, आणि तो काढायचा राहतोच.

शाखेप्रमाणे वेगळं दाखवायचं असेल, म्हणजे वर्ध्याच्या काउंटरला वर्ध्याचेच रिपोर्ट, तर रोलमध्ये क्वेरी, म्हणजे कोणत्या नोंदी दिसाव्यात याची अट, घालता येते. हे खरं तर मी आधी सांगायला हवं होतं: इलास्टिकसर्चमध्ये नोंदीनुसार आणि फील्डनुसार परवानगी अजूनही विकतच्या लायसन्समध्येच आहे. 2021 मध्ये त्यातूनच फुटून निघालेल्या ओपनसर्चमध्ये दोन्ही फुकट मिळतात. तिथेही जायचं नसेल तर शाखेप्रमाणे इंडेक्स वेगळे ठेवा, पण महिन्याचे नको, वर्षाचे करा. वीस शाखांचे महिनेवारी इंडेक्स म्हणजे वर्षाला 240, प्रत्येकाचा एक शार्ड (तुकडा) आणि त्याची एक रेप्लिका (प्रत) धरली तर 480 शार्ड. एका नोडला (सर्व्हरला) मुळात 1000 शार्डची मर्यादा असते, रेप्लिकासाठी लागतात ते दोन नोड धरले तर चार वर्षांत काठावर येता. फिल्टर लावलेला एलियास (इंडेक्सचं दुसरं नाव) देऊन काम भागवू नका. ज्याला मूळ इंडेक्सची परवानगी आहे तो थेट तिथे जाऊन सगळं बघतो. आणि विकतचं घेतलंच, तर एकाच माणसाला त्याच इंडेक्सवर एक क्वेरीवाला आणि एक बिनक्वेरीचा असे दोन रोल देऊ नका, बेरजेत क्वेरी गळून पडते आणि त्याला अख्खा इंडेक्स दिसतो. हा प्रकार चाचणीत सहज निसटतो, कारण चाचणी करणाऱ्याकडे एकच रोल असतो.

रोल बनवून झाल्यावर स्वतःच्या युजरने तपासू नका. त्या माणसाच्या युजरने लॉगिन करून 'हॅज_प्रिव्हिलेजेस' ला (परवानगी आहे का ते सांगणाऱ्या एपीआयला) विचारा, आणि एक नको ती गोष्ट मुद्दाम करून बघा. 403, म्हणजे 'परवानगी नाही', आलं पाहिजे. 'इलास्टिक' या मूळ युजरचा पासवर्ड बदलून बंद लखोट्यात ठेवा, रोजच्या कामाला तो कोणीच वापरायचा नाही, तुम्हीसुद्धा. कोणी काय केलं याचा ऑडिट लॉग इलास्टिकसर्चमध्ये परत विकतचाच आहे, म्हणून पुढे एनजिनएक्स ठेवणं आजही वाया जात नाही. फक्त एपीआय की वापरणाऱ्यांसाठी तिथला युजरचा रकाना रिकामा येतो, तेव्हा आयपीही वाचा. ओळ पूर्ण वाचा.

तुमचे मॅनेजर म्हणतील, एवढा अविश्वास कशाला. आमच्याकडे सगळ्यांवर विश्वास होता. इंडेक्स उडाल्याच्या सकाळी तो पहिल्यांदा सरला तो सगळ्यात कमी पगाराच्या माणसावरचा.

किबानात कोणत्या पानावर काय दाबायचं ते मी लिहिलं नाही, ते तुम्हाला स्टॅक मॅनेजमेंटमध्ये रोल्सखाली सापडेल. तुमच्याकडे रात्री कोण बसतं आणि त्यांच्या स्क्रीनवर नेमकं काय काय उघडं असतं, ते खाली लिहा. त्यांचा रोल आधी बनवू, बाकीच्या चोवीस जणांचं नंतर बघू.