उष्णतेचे बळी मृत्यूच्या दाखल्यावर का दिसत नाहीत

उष्णतेची लाट ओसरल्यावर उष्माघाताने दगावलेल्यांची नोंद अगदी थोडी असते, मग सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक हजारोंच्या संख्येत का बोलतात, आणि जी वृद्ध माणसे उन्हात पाऊलही टाकत नाहीत त्यांना धोका कसा, असे आपण विचारले आहे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. उष्णतेने जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना उष्माघात झालेलाच नसतो. आधीच थकलेल्या हृदयावर पेलवणार नाही इतका भार येतो, आणि दाखल्यावर हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंड निकामी होणे एवढेच लिहिले जाते.

म्हणून अभ्यासक केवळ दाखल्यांवर विसंबत नाहीत. लाटेच्या दिवसांत एकूण किती माणसे गेली आणि एरवी त्याच दिवसांत सरासरी किती जातात, यांतील फरक ते काढतात. २००३ सालच्या उन्हाळ्यात युरोपात असे जादा मृत्यू ७०,००० हून अधिक निघाले. त्यांपैकी सुमारे १५,००० एकट्या फ्रान्समधले, तेही ऑगस्टमधल्या मोजक्या दिवसांत. जुलै १९९५ मध्ये शिकागोत ७०० हून अधिक माणसे गेली. तिथल्या तपासणीत असे आढळले की जे एकटे राहत होते, आजारपणामुळे अंथरुणाला खिळले होते किंवा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहत होते, त्यांना धोका अधिक होता. उन्हात न जाणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे यावरून मला फार ठळकपणे जाणवते.

शरीर स्वतःला थंड राखते ते दोन मार्गांनी: त्वचेकडे रक्त वळवून आणि घाम गाळून. एरवी त्वचेकडे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त जाते. तीव्र उष्णतेत निरोगी तरुणाच्या शरीरात हे प्रमाण सहा-सात लिटरपर्यंत चढू शकते, म्हणजे विश्रांतीच्या वेळी हृदय सबंध शरीराला जेवढे रक्त पुरवते त्याहूनही अधिक. दुबळ्या हृदयाला हे झेपत नाही, आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्त घट्ट होते ते वेगळेच. दुसरा मार्ग दमट हवेत अडतो, कारण घाम आला तरी तो वाळल्याशिवाय शरीराची उष्णता बाहेर जात नाही. कोरड्या हवेतले ४० अंश आणि दमट हवेतले ३५ अंश यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करणे म्हणूनच चुकीचे ठरते. पंख्याचाही भरवसा एका मर्यादेपर्यंतच. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखा अंगावर उष्णताच लोटतो.

रात्रीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती आणि छत रात्री उष्णता सोडत राहतात, हृदयाला उसंत मिळत नाही, आणि सलग दोन-तीन रात्री अशा गेल्या की चौथ्या दिवसाचे तेच तापमान जीवघेणे ठरू शकते. हंगामातली पहिली लाटही अधिक घातक असते, कारण शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांना कामाच्या पहिल्याच आठवड्यात पूर्ण वेळ राबवू नये, असा आग्रह मी धरतो तो याचसाठी. शिवाय वर्षानुवर्षे उन्हात राबून मूत्रपिंडे कायमची बिघडलेली मध्य अमेरिकेतल्या ऊसमळ्यांतील तरुण मजुरांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

लघवी वाढवणारी औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे ही सहनशक्ती आणखी घटवतात. ती मनाने बंद करू नयेत; उन्हाळा सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलून घ्यावे.

अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्ध हरपते आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा, शक्य असल्यास गार पाण्यातच बसवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापावरची गोळी तर मुळीच देऊ नये, कारण हा ताप नव्हे: मेंदूने तापमान वाढवायला सांगितलेले नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही आणि आधीच ताण सोसणाऱ्या यकृताला अपाय मात्र होऊ शकतो.