रेडीमेड व्हिपिंग क्रीम फेटूनही पातळ राहतं, केकवर फुलं पडत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पाकीट सकाळी ओट्यावर काढून ठेवलं, दुपारी फेटायला घेतलं आणि अर्धा तास बीटर फिरवूनही ताकासारखं पातळच. अहो, ते अर्धा तासच काय दिवसभर फेटलं तरी होणार नाही, कारण क्रीम गरम झालंय, एवढंच.

हे एक किलोचं नॉन डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेलं) क्रीम उणे 18 डिग्रीला साठवायचं असतं आणि फेटताना थंडगार लागतं, 4 ते 7 डिग्रीच्या आसपास. त्यामुळे फ्रीझरमधून काढून आदल्या रात्रीच खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. हलवल्यावर आत बर्फाचे बारीक कण जाणवले तरी चालतं, उलट ते बरंच. भांडं आणि बीटरच्या काड्या पण पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये टाका, आणि उन्हाळ्याचे दिवस असतील तर भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवाच.

भांडं मोठं घ्या कारण फुगून तिप्पट चौपट होतं. अर्ध्या किलोच्या केकला साधारण 200-250 ग्रॅम न फेटलेलं क्रीम पुरतं, सगळं पाकीट एकदम ओतू नका. आधी स्लो, मग मीडियम स्पीड, हाय वर नको. साखर घालायची नाही, ते आधीच गोड असतं (माझ्या मते जरा जास्तच). बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की केकवर पसरवायला तयार, टोक ताठ राहिलं की फुलांसाठी. त्यानंतर "अजून दोन मिनिटं" करत बसलात की रवाळ होतं आणि नोझलमधून फुलाच्या कडा फाटलेल्या येतात. तसं झालंच तर दोन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने मिसळा, बऱ्यापैकी सुधारतं.

खाली कमेंटमध्ये एकांनी अमूल फ्रेश क्रीम वापरा म्हटलंय, ते नका ऐकू. त्यात 25% फॅट असतं, भाजीत आणि फ्रूट सॅलडमध्ये मस्त, पण फेटून उभं राहायला निदान 30% तरी लागतं.

रंग जेलचाच घ्या, पाण्यासारखा लिक्विड रंग घातला की पुन्हा पातळ. थोडा फिका ठेवला तरी तासाभरात गडद होतो. लाल आणि काळ्याच्या मागे लागू नका, इतका रंग ओतावा लागतो की कडवट लागतं आणि पाहुण्यांच्या जिभा रंगतात ते वेगळंच. काळं हवंच असेल तर चॉकलेट गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) करा.

केकवर आधी पातळ थर देऊन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे चुरा चिकटून बसतो, मग वरचा थर. पायपिंग बॅग अर्धीच भरा, हाताच्या उबेने पण क्रीम सैल पडतं, तसं वाटलं की बॅगच पाच मिनिटं फ्रीजमध्ये. अननसाचे तुकडे घालणार असाल तर आधी पिळून कोरडे करा.

आणि पाकीट घेताना दाबून बघा, दगडासारखं कडक हवं. लाईट जाऊन दुकानातच वितळून परत गोठलेलं असेल तर तुम्ही घरी कितीही नीट केलंत तरी ते फुगायला त्रास देतं.