सोसायटीच्या कोजागरीनंतर १९ जणांना उलट्या-जुलाब झाले. डॉक्टर 'व्हायरल गॅस्ट्रो' म्हणतात. मग केटररचा दोष नाही का?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी रात्री कोथरूडला सोसायटीच्या गच्चीवर भेळ आणि मसाला दूध झालं, ६० माणसं होती. रविवारी रात्रीपासून एकेक जण पडायला लागला आणि सोमवार सकाळपर्यंत १९ जण आडवे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, नुसतं ओआरएस दिलं. कमिटीचं म्हणणं दूध नासकं होतं, म्हणून केटररचे पैसे अडवलेत. विषाणू जेवणातून येतो का, केटररला धरायचं का, आणि घरातल्या दोन वर्षांच्या मुलाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं पुण्यात मुंजी-लग्नांची जेवणं करते, म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरू करते. पैसे अडवण्याआधी तास मोजा. कोणी किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली, एवढंच एका कागदावर माणसागणिक लिहा. दुधात स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष तयार झालेलं असतं तर अर्ध्या ते सहा तासांत लोक ओकायला लागले असते, म्हणजे कोजागरीचा चंद्र मावळायच्या आत. मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेल्या जेवणातून होणारा क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचा त्रास आठ-बारा तासांनी येतो, त्यात कळा आणि जुलाब असतात, उलट्या फारशा नसतात. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा एक विषाणू, १२ ते ४८ तास घेतो आणि उलट्यांनी सुरुवात करतो. तुमच्याकडे शनिवार रात्र ते रविवार रात्र, म्हणजे चोवीस तास झाले. दूध नासलं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

हे मला कोणी वर्गात शिकवलेलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात मुंज होती, १८० पानांची ऑर्डर. वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, जिलबी आणि मठ्ठा. मठ्ठा मी स्वतः केला होता. दही रात्री विरजलेलं, सकाळी घुसळून आलं-मिरची-जिरं वाटून लावलं, आणि मी स्वतः दोन वाट्या प्यायले. पंगती साडेबाराला सुरू झाल्या, अडीचला शेवटची उठली. लोक ढेकर देत, विडा खात घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी सहाला बटूच्या काकांचा फोन आला. "ताई, मठ्ठा आंबलेला होता. चव घेतली नव्हती का तुम्ही?" रात्री अकरापर्यंत फोन चालूच होते. मंगळवारी दुपारपर्यंत ३४ जणांना उलट्या-जुलाब झाले होते, त्यांतल्या तिघांना सलाईन लावावं लागलं. माझे ३२ हजार रुपये यायचे होते, ते काकांनी थांबवले. त्याचं मला एवढं लागलं नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत आधी ठरलेल्या तीन ऑर्डरी फोनवर रद्द झाल्या, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, 'विषबाधा'. ते मात्र लागलं. वर्तमानपत्रंही डोळे झाकून हाच मथळा देतात. विष कुठलं, कोणी शोधलं, काही नाही. पंगतीनंतर दहा माणसं ओकली की विषबाधा.

त्या मुंजीला आलेली एक मुलगी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तीही आजारी पडली होती. मी रडकुंडीला येऊन तिला फोन केला, तर ती म्हणाली, "काकू, रडू नका. तास मोजा." माझ्या ऑर्डरीच्या वहीत मी सगळ्यांची यादी काढली आणि दोन दिवस फोन केले. कितीतरी जणांनी तोडून बोलून फोन ठेवला. तरी ३४ पैकी २९ जणांची वेळ मिळाली. सगळ्यात लवकरची उलटी जेवणानंतर १६ तासांनी होती, बहुतेकांची २४ ते ३६ च्या मधली. मधुमेहाचे एक आजोबा फक्त वरण-भात आणि कोशिंबीर जेवले होते, मठ्ठ्याला हात लावला नव्हता, त्यांना झालं. बटूच्या मामाने चार वाट्या मठ्ठा रिचवला होता, तो ठणठणीत. आणि गुरुवारी आणखी सहा जणांना झालं. हे सहाजण मुंजीला आलेच नव्हते! आजारी माणसांच्या घरचेच होते सगळे. आंबलेला मठ्ठा घरी बसलेल्या आजीला कसा लागेल?

माणसाला गॅस्ट्रो करणारे विषाणू मोजके आहेत: रोटा, नोरो, आस्ट्रो, सॅपो आणि ॲडेनोचे ४० आणि ४१ हे दोन प्रकार. रोटा मुख्यतः लहान मुलांचा. मोठ्यांच्या पंगतीत एकदम इतकी माणसं पडली की नोरोचंच नाव आधी घ्यायचं. त्याचं नाव पडलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावावरून. तिथल्या शाळेत १९६८ साली जवळजवळ निम्मी मुलं आणि शिक्षक एकदम आजारी पडले, मग त्यांच्या घरचेही. तेव्हाच्या शौचाच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. माझ्या गुरुवारच्या सहाजणांचं कोडं मला हे वाचल्यावर सुटलं.

स्वयंपाक करणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी. नोरोव्हायरस अन्नात वाढत नाही. त्याला जिवंत माणसाची पेशी लागते, प्रयोगशाळेतसुद्धा २०१६ पर्यंत तो नीट वाढवता येत नव्हता. म्हणून जेवण शिळं की ताजं याचा त्याच्याशी संबंध नाही, वास बदलत नाही, चव बदलत नाही, फ्रिजमध्येही तो टिकतो. शंभराहून कमी कण पोटात गेले तरी पुरतात. उकळीत तो मरतो. म्हणजे ताटाची उजवी बाजू, आमटी-भाजी-मसालेभात, गरमागरम वाढलेली असेल तर सुरक्षित. धोका डाव्या बाजूला: मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. हे सगळं कच्चं आणि हाताने वाढलेलं. तुमच्या गच्चीवरचं आटवलेलं दूध उकळलेलं होतं, त्याला सोडा. ज्या परातीत भेळ कालवली, कांदा-कोथिंबीर चिरली, तिथे कोणाचे हात होते ते आठवा. दुधाचे पेले कोणी, कशात विसळले तेही विचारा.

आणि कोणी तिथे ओकलं होतं का, हेही विचारा. त्या मुलीने मला इंग्लंडमधल्या एका हॉटेलातली १९९८ ची गोष्ट वाचून दाखवली. १२६ माणसं सहा टेबलांवर जेवत होती आणि एका बाईला टेबलापाशीच उलटी झाली. नंतर हिशोब केला तेव्हा तिच्या टेबलावरच्या लोकांना सगळ्यात जास्त झालं होतं, आणि टेबल जितकं लांब तितकं कमी. हवेत उडालेले बारीक तुषार पुरले.

हे ऐकलं आणि मला आमच्या मुंजीतलं मातृभोजन आठवलं. अष्टवर्गाची मुलं पाटावर बसली होती. त्यातला एक आठ-नऊ वर्षांचा, आदल्या रात्री नाशिकहून आलेला, दोन घास खाऊन पाटावरच ओकला. रांगोळीवर गेलं सगळं. "गाडी लागली असेल," म्हणून त्याची आई त्याला घेऊन गेली. तास मोजायला लागल्यापासून तो पाट माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. साथ तिथून सुटली, मठ्ठ्यातून नाही. हे मी काकांना वहीसकट दाखवलं. त्यांनी वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "तुम्ही तसंच म्हणणार." पैसे आजतागायत आलेले नाहीत.

तुमच्या कमिटीत असे काका असतीलच. त्यांना विचारा, कोजागरीला न आलेल्या फ्लॅटमध्ये कोणी आजारी आहे का? असतील आणि तेही त्याच रविवारी पडले असतील तर गच्चीवरचं खाणं सोडा, टाकी बघा, टँकर बघा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, हातापायांची ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला होता. तेव्हा सगळं पुणं पाणी उकळून पीत होतं, आता परत विसरलं. न आलेले लोक दोन दिवसांनी पडले असतील तर ते घरातल्या घरात पसरलंय. उरलेल्या दुधाचा नमुना तपासायला देऊन काही हाती लागणार नाही, तिथे सहसा जिवाणूच शोधतात. नोरो शोधायचा तर आजारी माणसाच्या शौचाचा नमुना आणि त्यावर पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी चाचणी.

मुलाचं थोडक्यात. डॉक्टरांनी बरोबर केलंय, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यासाठी डॉक्टर बदलू नका. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करून अंदाजाने नाही. दोन वर्षांच्या मुलाला दर जुलाबानंतर १०० ते २०० मिली, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने. झिंक डॉक्टरांनी दिलं असेल तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या. जेवण तोडू नका, मऊ भात, वरण, केळं, दही चालतं. जुलाब बांधायची मोठ्यांची गोळी अजिबात नको. दुकानात 'ओआरएस' नाव लावून गोड पाणी विकत होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव लावायला बंदी केली, तरी पाकिटामागचं वाचून घ्या. मूल सुस्त पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. रोटाचे थेंब सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळतात, महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहेत, आणि त्यातली एक लस आपल्या हडपसरला बनते. मुलाला ते मिळाले असतील तर चांगलंच, पण ते नोरोला अडवत नाहीत.

सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, नोरोवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी. उलटी पुसलेली जागा ब्लीचने पुसा, पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात १०० मिली, आणि त्यात फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. आजारी माणसाने बरं वाटल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये. विषाणू त्यानंतरही शौचातून जात राहतो.

तासांचा हिशोब हाच एक पुरावा नाही, हेही सांगते. साल्मोनेला जिवाणूही १२ ते ३६ तास घेऊ शकतो, त्यात ताप बराच असतो. आमच्या मुंजीतही कोणाच्या शौचाचा नमुना तपासला गेला नव्हता, म्हणजे 'नोरो' हे मी लक्षणांवरून आणि वेळेवरून म्हणते.

आणि अजून एक, जे मी काकांना सांगितलेलं नाही. तो पाट आमच्या वाढप्याने पुसला. मुहूर्त जवळ आला होता, मीच त्याच्या हातात फडकं दिलं आणि म्हटलं, "पटकन उरक, पानं घ्यायचीत." त्याने फडकं बादलीत पिळलं, हात त्याच बादलीत बुचकळले, पंच्याला पुसले आणि लिंबाच्या फोडी, मीठ, कोशिंबीर वाढायला गेला. १८० पानांची डावी बाजू त्यानेच वाढली. मठ्ठा चांगला होता, हे मी आजही कोणापुढेही सांगेन. पण त्या दिवशी फडकं मी दिलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी कार्यात ओकलं तर जो पुसतो तो त्या दिवशी वाढत नाही, घरी जातो, आणि त्याचा पूर्ण दिवसाचा रोज त्याला मिळतो. तुमच्या केटररला हे विचारा: गच्चीवर कोणाला उलटी झाली होती का, ती कोणी पुसली, आणि भेळ कोणी कालवली? तो नीट उत्तर देत असेल तर त्याचे पैसे द्या. तासांचा कागद तयार झाला की इथेच लिहा, मी बघते.