लॉइस म्यूर नेमक्या कोणत्या खेळाच्या? बास्केटबॉल की नेटबॉल?

तुम्ही विचारलंय की, न्यूझीलंडच्या लॉइस म्यूर यांना कुठे बास्केटबॉलपटू म्हटलेलं दिसतं, तर कुठे नेटबॉलपटू. यातलं खरं काय, आणि खेळाडू म्हणून त्या किती मोठ्या होत्या?

दोन्ही खरं आहे. त्या दोन्ही खेळांत देशाकडून खेळल्या : बास्केटबॉल १९५२ ते १९६२ आणि नेटबॉल १९६० ते १९६३. म्हणजे दोन-तीन वर्षं दोन्ही एकदमच चालू होतं. गोंधळ मात्र नावांमुळे होतो. १९७० पर्यंत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात नेटबॉलला 'नेटबॉल' म्हणतच नव्हते, 'बास्केटबॉल' किंवा 'विमेन्स बास्केटबॉल' म्हणत. आज आपण ज्याला बास्केटबॉल म्हणतो, त्याला न्यूझीलंडमध्ये 'इनडोअर बास्केटबॉल' म्हणायचे. त्यामुळे १९६३च्या बातमीत नुसतं 'बास्केटबॉल संघ' असेल तर तो बहुतेक नेटबॉलचा समजा, आणि 'इनडोअर' लिहिलेलं असेल तर दुसरा. जुन्या काळच्या महिला खेळाडूंच्या नोंदी शोधताना आणखी एक घोळ होतो. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि एकच खेळाडू दोन जणी म्हणून मोजली जाते. शोध दोन्ही आडनावांनी घ्यायचा.

नाव सारखं असलं तरी खेळ सारखे नाहीत, आणि दोन्ही खेळणं किती अवघड हे मैदानावर कळतं. कडं दोन्हीकडे १० फुटांवर. पण नेटबॉलचं कडं ३८ सेंटिमीटरचं, बास्केटबॉलचं ४५. शिवाय नेटबॉलला मागे फळी नाही. फळीवर आपटून चेंडू आत घालायची सवय असलेली मुलगी इथे फसते : सरळ फेकला की चेंडू कड्याच्या पुढच्या काठाला लागून उडतो. कमान उंच ठेवून तो जवळजवळ वरून सोडावा लागतो. तोही फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोन जागांवर खेळणाऱ्या दोघींनीच, आणि १६ फूट त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभं राहूनच.

पायांचं गणित तर त्याहून वेगळं. बास्केटबॉलमध्ये चेंडू आपटत पुढे पळता येतं, इथे नाही. चेंडू झेलताना जो पाय आधी टेकला, तो उचलता येतो, पण चेंडू हातातून सुटायच्या आत पुन्हा टेकवता येत नाही. चेंडू तीन सेकंदांत सोडायचा. बचाव करणारीने चेंडूवालीच्या पायापासून तीन फूट लांब राहायचं. इथेच बास्केटबॉलच्या मुली सगळ्यात जास्त पेनल्टी देतात, कारण अंगाला अंग लावून उभं राहणं त्यांच्या हाडात भिनलेलं असतं. उडी, झेल आणि चेंडू कुठे पडणार याचा अंदाज मात्र जसाच्या तसा कामी येतो.

म्यूर यांच्या पिढीला आणखी एक उलथापालथ सोसावी लागली. न्यूझीलंडमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरपर्यंत नेटबॉलचा खेळ नऊ-नऊ जणींचा होता. मैदानाचे तीन भाग, प्रत्येक भागात तिघी, कुणी आपला भाग सोडायचा नाही. देशाबाहेर मात्र सात जणींचा खेळ. आपल्याकडे हुतूतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते आणि एका प्रकारात मुरलेला दुसऱ्यात चाचपडायचा, तसंच. १९३८ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तो सात जणींच्या नियमाने. न्यूझीलंड ४०–११ ने हरलं. १९६० मध्ये कोलंबोला बैठक होऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि सगळ्यांसाठी एकच नियमावली ठरली. सातांच्या खेळात सेंटरला, म्हणजे मधल्या जागेवरच्या खेळाडूला, मैदानाच्या तिन्ही भागांत धावावं लागतं, आणि एक अख्खा भाग ओलांडून थेट पास देता येत नाही, मध्ये कुणाचा तरी हात लागावाच लागतो. नऊच्या खेळात वाढलेल्यांना हा दम आणि ही घाई नव्याने शिकावी लागली.

१९६३ साली इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली. अकरा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, अंतिम सामना नावाचा प्रकारच नाही. न्यूझीलंडच्या संघात म्यूर होत्या, ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार जॉयस ब्राउन. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडविरुद्धचा सामना ३७–३६ असा जिंकला, एकही सामना हरलं नाही आणि पहिलं विजेतेपद नेलं. एका गोलने! अवघ्या पंचवीस वर्षांत ४०–११ वरून इथपर्यंत.

'किती मोठ्या' हे सामने मोजून ठरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक स्पर्धा चार वर्षांनी एकदा, मध्ये एखादा दौरा, आणि कुणाला मानधन नाही. आजच्या खेळाडूंसारखा शंभर सामन्यांचा आकडा तेव्हा शक्यच नव्हता. म्यूर यांचं खरं वजन दिसतं ते प्रशिक्षक म्हणून. १९७४ ते १९८८ त्या न्यूझीलंडच्या प्रशिक्षक होत्या. १०७ सामने, ९१ विजय. १९७५च्या जागतिक स्पर्धेत घरच्या मैदानावर, ऑकलंडला, तिसरं स्थान. १९७९ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला ऑस्ट्रेलिया आणि त्रिनिदाद-टोबॅगोबरोबर विजेतेपद तिघांत वाटलं गेलं. १९८७ ला ग्लासगोत मात्र ते एकट्या न्यूझीलंडचं.

मधला १९८३चा सिंगापूरचा पराभव मला जास्त बोलका वाटतो. ४५–४२, पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून, आणि समोरच्या बाकावर प्रशिक्षक कोण? जॉयस ब्राउन. १९७५ला ऑकलंडमध्ये जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकही त्याच. ईस्टबोर्नला मैदानात सुरू झालेली ही झुंज वीस वर्षं चालली होती, फक्त दोघी आता रेषेबाहेर बसायच्या. म्यूर यांनी पद सोडल्यावर १९९१ मध्ये सिडनीला ब्राउन यांच्या संघाने न्यूझीलंडला पुन्हा हरवलं, ५३–५२. याही वेळी एकाच गोलने.