इंग्लंडमधली जुनी विटांची घरं मला सगळी सारखीच लाल दिसतात. त्यांत बघण्यासारखं नेमकं काय असतं?

भिंत बघा. छप्पर, खिडक्या नंतर. मी बांधकामाच्या क्षेत्रातला आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. सुरुवात करायची तर लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या क्यू पॅलेसपासून करा.

नाव पॅलेस असलं तरी हे मुळात सॅम्युएल फोर्ट्री नावाच्या व्यापाऱ्याचं घर. १६३१ साली बांधलेलं. दारावर ते साल आणि नवरा-बायकोची आद्याक्षरं अजून आहेत. लंडनच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही, विटांची माती मात्र मुबलक. पैसेवाल्यानेही वीट निवडली ती उगाच नव्हे.

आता भिंतीजवळ जा. आपल्याकडे डिप्लोमाला इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँड या विटा रचण्याच्या दोन पद्धती शिकवतात. इंग्लिशमध्ये एक थर सगळा लांब बाजूंचा, त्यावरचा सगळा आखूड बाजूंचा. इथे फ्लेमिश आहे: एकाच थरात एक लांब, एक आखूड, पुन्हा लांब, आणि प्रत्येक आखूड वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मधोमध. इंग्लंडमध्ये ही रचना तेव्हा नवीनच होती. ओळ जरा सरकली तरी सगळी नक्षी बिघडते, म्हणून असं काम चांगल्या गवंड्याच्याच हातचं. मला ही भिंत तासन्‌तास बघता येईल!

मग खिडक्यांभोवतीचे खांब आणि कमानी बघा. दगडात कोरतात तसं हे काम, पण विटेत, विटा कापून-घासून केलेलं. वरचे तीन वळणदार त्रिकोणी माथे डच धाटणीचे. सरकत्या काचेच्या खिडक्या मात्र मूळच्या नाहीत, त्या अठराव्या शतकात बसवल्या.

आणि तो लाल रंग निव्वळ विटेचा नाही. भिंतीवर जुन्या रंगाचे अंश सापडले, त्यावरून दुरुस्तीच्या वेळी गेरू घातलेल्या चुन्याचा हात पुन्हा दिला. विटांच्या छटांमधला फरक त्याने झाकला जातो आणि भिंत एकसंध दिसते. काहींना तो रंग भडक वाटतो. मला विचाराल तर तो द्यायलाच हवा होता.

राजा तिसरा जॉर्ज इथे राहिला, राणी शार्लट १८१८ मध्ये इथेच वारली, त्यामुळे आतल्या दालनांत गर्दी असते. तुम्ही आधी बाहेरून पूर्ण चक्कर मारा. हिवाळ्यात आतला भाग बंद असतो, पण बागेत गेलात की भिंती बघता येतातच.