बेरीज बदलते, भांडण तेच राहते

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचे सहा एकर कोरडवाहू वावर आहे. ह्यांना नागपुरात गोदामात नोकरी मिळते आहे. मुलगी दहावीला आहे आणि अर्धांगवायूमुळे सासूबाईंना आधाराशिवाय चालता येत नाही. गावातच राहावे, वावर मक्त्याने देऊन नागपूरला जावे, की यवतमाळला बिऱ्हाड करून शेतीही पाहावी? भाच्याने निकष, त्यांचे वजन आणि दहापैकी गुण असा तक्ता करून दिला. बेरीज नागपूरच्या बाजूने आली, पण ह्यांनी शेतीचे वजन वाढवताच ती गावाकडे झुकली. आता आम्ही गुणांवरून भांडतो. पाडव्याआधी मक्त्याने घेणाऱ्याला उत्तर द्यायचे आहे.

उत्तर : ताई, १७७२ साली इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी नव्या नोकरीबाबत सल्ला मागितला, तेव्हा त्यांचे अमेरिकन मित्र बेंजामिन फ्रँकलिन यांनी काय ठरवावे हे न सांगता कसे ठरवावे एवढेच कळवले. कागदाचे दोन भाग करावेत, तीन-चार दिवस अनुकूल-प्रतिकूल मुद्दे सुचतील तसे लिहावेत आणि तुल्यबळ मुद्दे समोरासमोर खोडत जावेत, असे ते पत्र होते. माझाही अधिकार तेवढाच आहे.

भाच्याच्या तक्त्यात ‘उत्पन्न’ आणि ‘कर्जफेड’ असे दोन निकष दिसतात. कर्ज उत्पन्नातूनच फिटणार असल्याने एकच पैसा दोनदा मोजला गेला आहे; त्यांपैकी एक काढावा.

खरा घोळ वजनांत आहे. पैसा महत्त्वाचा म्हणून त्याला चाळीस वजन दिले, परंतु घरभाडे, किराणा आणि सासूबाईंसाठी ठेवावी लागणारी बाई यांचा खर्च वजा केल्यावर नागपूर आणि गाव यांच्या वार्षिक शिलकेत फरक किती उरतो, हे कुठेच लिहिलेले नाही. निकषाच्या नावाला वजन देण्यात अर्थ नसतो; सर्वांत वाईट पर्यायापासून सर्वांत चांगल्या पर्यायापर्यंत त्या निकषात जेवढे अंतर पडते, त्या अंतराला वजन द्यायचे असते. शिलकेतला फरक किरकोळ निघाला, तर पैसा कितीही मोलाचा असला तरी या निर्णयात त्याचे वजन अल्पच राहील. तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे : मुलगी वसतिगृहाऐवजी घरी राहून शिकावी, यासाठी वर्षाला किती रुपयांवर पाणी सोडण्याची तयारी आहे? तुमचे आकडे जुळले, तर वाद शिक्षणाचा नसून वावराचा आहे, हे उघड होईल. (मला तोच संशय आहे.)

बेरजेची आणखी एक खोट अशी की एका बाजूची गंभीर उणीव दुसऱ्या बाजूच्या भरघोस गुणांखाली झाकली जाते. फ्रान्सच्या बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकापासून विकसित केलेल्या निर्णय घेण्याच्या पद्धतींत म्हणूनच नकाराधिकाराची सोय आहे; एखाद्या निकषावर पर्याय फारच कमी पडला, तर बाकीचे गुण त्याला वाचवत नाहीत. तळमजल्यावरची खोली आणि दिवसभर सोबतीला माणूस, या दोन्ही गोष्टी ज्या पर्यायात जमत नाहीत, तो बेरजेपूर्वीच वगळा. आणि सासूबाईंच्या रकान्यात गुण कोणी भरले? त्यांना बोलता येत असेल, तर ते त्यांनाच विचारून भरावेत.

इतके करूनही दोन पर्याय बरोबरीत आले, तर ज्यातून परत फिरता येते तो घ्यावा. मक्ता एकाच वर्षाचा करावा, तसे कागदावर लिहून घ्यावे आणि तोवर बैलजोडी विकू नये.