बाटलीवर ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

पत्रं वेगवेगळ्या हातांची, पण घोळ तोच. बाटलीच्या पुढे मोठ्या अक्षरांत ‘अनसेंटेड’, मागे बारीक अक्षरांत ‘फ्रॅग्रन्स’, आणि दोन्हींच्या मध्ये वाचकाची कातडी. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून सुवासाशी माझा संबंध येतो तो बहुधा पुरळ उठल्यानंतरच. या वेळी निवडक प्रश्न घेतले आहेत.

‘फ्रॅग्रन्स’, ‘परफ्यूम’ आणि ‘पार्फम’ हे तीन वेगळे घटक आहेत का?

नाही. घटकांच्या यादीत तिन्हींचा अर्थ एकच: सुवासासाठी घातलेलं मिश्रण.

मग त्या मिश्रणात काय आहे ते कंपन्या लिहीत का नाहीत?

कारण बहुतेक ठिकाणी लिहावं लागत नाही. सुवासाची कृती हे व्यापारी गुपित मानलं जातं. हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ खर्च’ लिहून मोकळं व्हावं, तसा हा एक शब्द डझनावारी रसायनं पोटात घेतो. अमेरिकेत तो एकटा लिहिलेला चालत आला आहे. युरोपीय संघाने मात्र २६ सुवासिक घटक नावानिशी छापायला लावले. लावून ठेवायच्या क्रीममध्ये प्रमाण ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूत ०.०१ टक्क्याच्या वर गेलं, की नाव द्यायचंच. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ८०च्या पुढे नेली. यादीच्या शेवटी लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, सिट्रल अशी नावं दिसली तर समजा, त्या ‘किरकोळ’मधलं थोडं बाहेर आलंय.

‘अनसेंटेड’ मॉइश्चरायझर मुद्दाम शोधून घेतलं, तरी मानेवर खाज आणि लाल चट्टे. असं कसं?

असंच होतं, आणि याच शब्दावर माझा राग आहे. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही, एवढंच. आत सुवासाचं रसायन नाही, असं तो शब्द सांगत नाही. तेल, मेण, औषधी घटक यांना स्वतःचा एक उग्र दर्प असतो. तो मारायला दुसरा सुवास घालतात; दोघांनी मिळून नाकाला फसवलं की बाटलीवर ‘अनसेंटेड’ छापायला मोकळे. नाक फसतं, कातडी फसत नाही.

तुम्हाला हवा असलेला शब्द ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. लव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीचं तेल ‘त्वचेच्या पोषणासाठी’ घातलं, म्हणून ते सुवासात धरायचं नाही, अशी पळवाट काढणारे आहेत. बेंझिल अल्कोहोल तर दोन्ही कामं करतं: क्रीम टिकवतं आणि सुवासही देतं. त्यामुळे पुढची बाजू वाचूच नका. बाटली उलटी करा, यादी शेवटपर्यंत वाचा.

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, असा दावा) आणि ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ (त्वचेसाठी तपासलेलं) हे आणखी दोन शब्द. पहिल्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. दुसऱ्याचा अर्थ कुणीतरी तपासलं, इतकाच. तपासून काय निघालं, ते कुठे लिहिलंय? तुम्ही ते मॉइश्चरायझर आजच थांबवा आणि बाटलीसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खोका फेकला असेल तर यादीचा फोटो शोधून न्या.

रसायनं नकोत म्हणून फक्त शुद्ध इसेन्शियल ऑइल वापरते. ते तर निर्धोक ना?

हे कुणी सांगितलं? लव्हेंडरच्या तेलात लिनालूल भरपूर असतं, लिंबूवर्गीय तेलांत लिमोनीन. ताज्या तेलात त्यांचा उपद्रव कमी. झाकण उघडून हवा लागत गेली की त्यांचं ऑक्सिडेशन होतं आणि तयार होणारी हायड्रोपरॉक्साइडं कातडीला चांगलीच भोवतात. म्हणजे जपून, पुरवून वापरलेली जुनी बाटली जास्त धोक्याची. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि मागे राहणारे तपकिरी ओघळ महिनोन्‌महिने जात नाहीत. निव्वळ तेल थेट अंगाला लावत असाल तर बंद करा.

तोच परफ्यूम वर्षानुवर्षं वापरतोय. आता अचानक अ‍ॅलर्जी कशी येईल?

येते. शरीर अनेक वर्षं सोसतं आणि एक दिवस बिथरतं. मग ते वावडं बहुधा जन्मभराचं. पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं, म्हणून खरा गुन्हेगार सुटतो आणि कालच्या जेवणावर आळ येतो. कधी तर परफ्यूम जोडीदाराचा असतो आणि चट्टे तुमच्या गालावर.

मनगटावर फवारून पाच मिनिटं पाहिलं, काही झालं नाही. चालेल?

पाच मिनिटांत काहीच कळत नाही.

तान्ह्या बाळासाठी कोणता सुवास सौम्य?

कोणताच नको.

रक्ताची अ‍ॅलर्जी चाचणी केली, सगळं नॉर्मल आलं. तरी काखेतलं पुरळ सात-आठ महिने जात नाही. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की बसतं, थांबवलं की परत येतं.

चाचणी चुकीची झाली. रक्तात जी अ‍ॅलर्जी शोधतात ती वेगळी. स्पर्शाने येणारी ही उशिराची अ‍ॅलर्जी त्यात सापडत नाही. तिच्यासाठी पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या चकत्यांतून संशयित पदार्थ चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. त्यात सुवासाची दोन ठरलेली मिश्रणं असतात, एकात आठ पदार्थ, दुसऱ्यात सहा. शिवाय बाल्सम ऑफ पेरू, म्हणजे एका झाडाचा सुवासिक चीक. ही दुसऱ्यांदा पाहणी टाळू नका, पुष्कळदा खरं उत्तर तेव्हाच दिसतं.

त्या मलमात बहुधा स्टेरॉइड आहे. ते पुरळ दाबतं, कारण तसंच राहतं, आणि काखेतली कातडी पातळ होते ती वेगळीच. ते बुरशीचं पुरळ असेल तर स्टेरॉइडखाली पसरतंय. सात-आठ महिने फार झाले. या आठवड्यातच दाखवा, मलमाची ट्यूब सोबत न्या, आणि चाचणी ठरली तर पाठीला काहीही लावू नका.

परफ्यूमचा वास आला की छाती दाटते, खोकला येतो. हीच अ‍ॅलर्जी का?

बहुधा नाही. दमा किंवा संवेदनशील श्वासनलिका असेल तर तीव्र वास नुसता चुरचुरूनही असा त्रास देतो. पॅच टेस्ट यात उपयोगाची नाही. छातीच्या डॉक्टरांकडून श्वासाची तपासणी करून घ्या. ओठ सुजले, आवाज बसला किंवा दम लागून बोलता येईना, तर पत्र लिहीत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.